१२० हा आकडा कुणी ठरवला?

इंग्लंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या माणसाच्या घरी दर दोन वर्षांनी टपालाने एक पाकीट येतं. आत बोटाएवढी प्लॅस्टिकची बाटली, झाकणालाच जोडलेली काडी आणि तिकीट न लावता परत पाठवायचं छोटं पाकीट. काडी मळावर फिरवायची, तिच्या खाचांत बसेल तेवढं पुरे, बाटली बंद करायची, तारीख घालायची आणि टपालपेटीत टाकायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त मळात आहे का, तेवढंच त्यातून बघतात. काहीच त्रास नसलेल्या लोकांमध्ये आतड्याचा कॅन्सर वेळीच शोधायची ही तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग. चाचणीचं नाव ‘फिट’.

ही पाकिटं इंग्लंडभरातल्या पाच केंद्रांवर जातात: रग्बी, गिल्डफर्ड, लंडन, नॉटिंगहॅम आणि गेट्सहेड. तिथून ज्यांना पुढे बोलावतात ती माणसं आमच्या दारात येतात. मी गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये एंडोस्कोपी विभागात, म्हणजे दुर्बिणीने पोटाच्या आतलं तपासतात तिथे, नर्स आहे आणि त्यातली तीन वर्षं तारखा देणाऱ्या टेबलाशी काढली आहेत. त्यामुळे लोक या पाकिटाबद्दल बोलतात ते घरच्या बाजूने आणि मला ते दिसतं दुर्बिणीच्या बाजूने.

फिटचा निकाल ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा येत नाही, तो आकड्यात येतो. एक ग्रॅम मळात किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन सापडलं, तो आकडा. जून २०१९ मध्ये इंग्लंडने ही चाचणी सुरू केली तेव्हा रेघ आखली १२० वर. १२० किंवा वर आलात तर नर्सची भेट आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. ११९ आलात तर घरी पत्र: सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही, दोन वर्षांनी पुन्हा पाकीट येईल. शंभरातल्या साधारण दोघांना बोलावणं येतं.

आता हीच चाचणी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आपल्या दवाखान्यातून करतो, शौचाच्या सवयी बदलल्या, वजन उतरलं, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाची, तेव्हा त्याची रेघ १० वर असते. दोन्हींत फरक असायला हवा, हे मला मान्य आहे. ज्याला त्रास होतो आहे त्याच्यात कॅन्सर असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे एकही निसटू नये म्हणून रेघ खाली ठेवतात. पण मग ज्यांना काहीच त्रास नाही अशा लोकांसाठीची रेघ तरी सगळीकडे एकच हवी होती. स्कॉटलंडने २०१७ मध्ये ती ८० वर आखली. वेल्सने २०२४ मध्ये १२० वरून ८० वर आणली. सरकारला सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीने २०१८ मध्ये पन्नास ते चौऱ्याहत्तर वयासाठी जी शिफारस केली, तिच्यात आकडा होता २०.

समितीने सांगितले २० आणि अंमलात आले १२०. मधल्या शंभराचं काय झालं?

उत्तर आमच्या विभागातल्या कुणालाही विचारा. रेघ खाली आणली की बोलावणी वाढतात, बोलावणी वाढली की कोलोनोस्कोपी वाढतात, आणि त्या करायला माणसं नाहीत. हे लपवाछपवीचं प्रकरण नाही, जाणकारांच्या बैठकांत उघडपणे बोललं जातं. नेदरलँड्सने २०१४ मध्ये कार्यक्रम सुरू केला तेव्हा रेघ १५ वर ठेवली होती. लोकांनी अपेक्षेपेक्षा जास्त प्रतिसाद दिला, दुर्बीण तपासणीची रांग फुगली, आणि त्याच वर्षी मध्यावर त्यांनी रेघ ४७ वर नेली. लोकांची आतडी सहा महिन्यांत बदलली नव्हती. तपासणीची टेबलं कमी पडली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की १२० हा आकडा वैद्यकशास्त्राचा म्हणून वाचू नये. तो रुग्णालयांच्या तपासणी क्षमतेचा आकडा आहे. देशात किती हात दुर्बीण चालवू शकतात, किती परिचारिका आहेत, किती पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाशी बसले आहेत, या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून तो आला आहे. असा आकडा ठेवण्यात पाप नाही. आडात जेवढं आहे तेवढंच पोहऱ्यात येणार. पण पोहऱ्याची मापं काढत बसायचं आणि आडाकडे बघायचंच नाही, असं गेली कित्येक वर्षं चाललं आहे, त्याला माझा विरोध आहे.

आड म्हणजे काय ते जरा जवळून सांगते, कारण बाहेरून ते कळत नाही.

स्क्रीनिंगच्या सकाळच्या यादीत चार नावं असतात. साध्या यादीत त्याहून जास्त बसवतात, पण इथे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेली छोटी वाढ, सापडण्याची शक्यता मोठी म्हणून प्रत्येकाला जास्त वेळ. पहिला माणूस साडेआठला येतो. रात्रभर जुलाबाचं औषध पिऊन, झोप न होता आलेला. त्याआधी स्क्रीनिंगच्या खास नर्सने त्याला बसवून सगळं समजावलेलं असतं: काय करणार, धोका कोणता, रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद ठेवायची. निकाल आल्यापासून चौदा दिवसांत ती भेट आणि तिच्यानंतर चौदा दिवसांत दुर्बीण, अशी वेळेची बांधणी आहे. दुर्बीण चालवणाराही सरसकट कुणी चालत नाही. हजारावर कोलोनोस्कोपी हाताखालून गेलेला आणि वेगळी परीक्षा दिलेलाच या यादीला उभा राहू शकतो. आमच्या भागात असे मोजून थोडे आहेत, आणि त्यातला एक रजेवर गेला की मला फोन उचलावे लागतात.

दुर्बीण मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत नेतात आणि खरी तपासणी होते ती परत येताना. किमान सहा मिनिटं, घडी न घडी उलगडून. पॉलिप दिसला की तारेचा फास टाकायचा, कापायचा, पकडायचा आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालायचा. एका माणसाचे चार पॉलिप म्हणजे चार बाटल्या, चार चिठ्ठ्या, आणि प्रयोगशाळेत चार वेळा काप काढून कुणीतरी डोळ्यांनी बघणं. इकडे दुर्बीण बाहेर आली की ती लगेच पुढच्या माणसाला वापरता येत नाही. तिथल्या तिथे पाणी सोडायचं, गळती बघायची, आतल्या बारीक नळ्यांतून हाताने ब्रश फिरवायचा, मग यंत्रात घालायची, मग वाळवायची. दुर्बिणी धुणारी दोन माणसं आजारी पडली तर तज्ज्ञ डॉक्टर हात बांधून बसतो. मी हे पाहिलेलं आहे, एकदा नाही, कितीदा तरी. मंत्र्यांच्या भाषणात डॉक्टर-नर्स यांचे आकडे येतात, दुर्बिणी धुणाऱ्यांचा आकडा मी अजून ऐकलेला नाही.

आणि बाटल्या जिथे जातात तिथली अवस्था आमच्याहून बिकट. रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने २०१८ मध्ये पाहणी केली तेव्हा पुरेशी माणसं आहेत असं म्हणणारे विभाग शंभरात तीन निघाले. म्हणजे दुर्बिणीची रांग कमी केली तर ती रांग उठून पॅथॉलॉजीच्या दारात जाऊन बसते. ज्यांना दुर्बीण झेपत नाही त्यांचं सीटी स्कॅन करतात, ते वाचायला रेडिओलॉजिस्ट लागतो, आणि तिथेही माणसांची ओरड आहेच. एका काडीने सुरू झालेली गोष्ट रुग्णालयाच्या चार विभागांतून जाते. पाकीट पाठवण्याचा खर्च या सगळ्यात किरकोळ आहे.

आता दुसऱ्या रांगेबद्दल. मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

इंग्लंडमध्ये आतड्याचे जेवढे कॅन्सर सापडतात त्यातले साधारण दहातले एकच स्क्रीनिंगमधून सापडतात. उरलेल्यातले बहुतेक जीपीकडून येतात, आणि बरेच तर पोट फुगून, आतडं तुंबून थेट अपघात विभागात. म्हणजे स्क्रीनिंगच्या यादीला जेवढं संरक्षण आहे, त्याहून कितीतरी जास्त कॅन्सर दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत. जीपीने ‘तातडीचं’ म्हणून पाठवलेल्यांना निदान अठ्ठावीस दिवसांचं बंधन आहे. पण ‘साधं’ म्हणून पाठवलेल्यांचं काय? नियम सांगतो सहा आठवडे. तो कागदावरचा नियम झाला. आणि पूर्वी पॉलिप काढलेले, तीन वर्षांनी पुन्हा बघायचं म्हणून नोंदवलेले? त्यांची तारीख उलटून गेली तरी त्यांच्यासाठी आम्हाला कुणी फोन करून धारेवर धरत नाही.

मी पूर्वी एका दुसऱ्या रुग्णालयात होते तेव्हाची गोष्ट. स्क्रीनिंगचं वय खाली आणलं होतं, बोलावणी वाढली होती, चौदा दिवस पाळायचे होते. मग आठवड्यातली एक साधी यादी काढून स्क्रीनिंगला दिली. त्या यादीतल्या लोकांना फोन करून तारीख पुढे गेल्याचं सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक बसचालक होता, शेहेचाळीस वर्षांचा. पन्नाशीच्या आतला, म्हणून त्याला पाकीट कधी आलंच नव्हतं. दोन वर्षं मूळव्याध समजून अंगावर काढलं आणि शेवटी जीपीकडे गेला होता. पहिल्यांदा तारीख बदलली तेव्हा तो म्हणाला, “ठीक आहे सिस्टर, तुमच्याकडे गर्दी असेल.” दुसऱ्यांदा बदलली तेव्हा काहीच बोलला नाही, फक्त नवी तारीख लिहून घेतली. अकरा आठवड्यांनी तो आला आणि डाव्या बाजूला गाठ निघाली. त्या अकरा आठवड्यांनी नेमका काय फरक पडला, हे कोणताच डॉक्टर सांगू शकणार नाही. पण ते दोन फोन मी केले होते, आणि त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

यावर काही जण म्हणतात, मग स्क्रीनिंग वाढवूच नका, आधी आजारी माणसं बघा. हा मुद्दा वरवर न्यायाचा वाटतो, पण मला पटत नाही. नॉटिंगहॅममध्ये दीड लाखावर लोकांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९६ मध्ये आला. तेव्हाच्या जुन्या, ढोबळ चाचणीनेसुद्धा आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच जोरावर २००६ मध्ये इंग्लंडचा कार्यक्रम उभा राहिला. पहिल्या टप्प्यात सापडलेला कॅन्सर म्हणजे पाच वर्षांनी दहातली नऊ माणसं हयात, चौथ्या टप्प्यात सापडलेला म्हणजे दहातलं एखादं. आणि दुर्बिणीने काढलेला पॉलिप हा कित्येकदा न झालेला कॅन्सर असतो. आज स्क्रीनिंगच्या यादीत काढलेला पॉलिप दहा वर्षांनी दुसऱ्या रांगेतलं एक नाव कमी करतो. अडचण एवढीच की भार आज येतो आणि फायदा दहा वर्षांनी, आणि मधली दहा वर्षं कुणी आणि कशी निभवायची हे कुठल्याच अंदाजपत्रकात नीट मांडलेलं नसतं.

न निभवल्याचं उदाहरण या देशात ताजं आहे. पंचावन्नाव्या वर्षी एकदाच, आतड्याचा खालचा भाग छोट्या दुर्बिणीने बघायचा, असा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. कल्पना चांगली होती, तिच्यामागे पक्का पुरावा होता. पण दुर्बीण चालवणारे पुरले नाहीत, तो देशभर कधी पोचलाच नाही, कोविडमध्ये थांबला आणि २०२१ मध्ये कायमचा बंद केला. मी स्वतः त्या यादीला उभी राहिले आहे. पंचावन्न वर्षांच्या निरोगी माणसांना आम्ही पत्रं पाठवून बोलावलं होतं, त्यांच्या शेजाऱ्यांना सांगितलं होतं की तुमचीही पाळी येईल. ती आली नाही.

कोविडचा उल्लेख आला म्हणून सांगते. २०२० च्या वसंतात ब्रिटनमधल्या एंडोस्कोपी नेहमीच्या पाच टक्क्यांवर आल्या होत्या. तेव्हाची थकलेली रांग बराच काळ आमच्या मानेवर होती. ती उपसायला शनिवार-रविवारच्या जादा पैशाच्या याद्या लावल्या, बाहेरच्या कंपन्यांची माणसं आणली. ही उसनवारी आहे. शनिवारी दुर्बीण चालवणारा तोच, जो सोमवारी चालवतो. त्याचा शनिवार संपला की क्षमताही संपते.

काही गोष्टी शहाणपणाने झाल्या, त्याही सांगायला हव्यात. २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी पॉलिपनंतरच्या पुनर्तपासण्यांना कात्री लावली. ज्यांना खरा धोका नाही त्यांना दर तीन-पाच वर्षांनी बोलावणं थांबलं. जीपीकडून येणाऱ्यांची आधी फिट करायची आणि १० च्या खाली असेल तर बहुतेकांना दुर्बीण नको, यानेही रांग हलली. नर्सना दुर्बीण चालवायला शिकवायचं, हे तर सर्वांत चांगलं झालं. पण त्यातही पाणी मुरतं. शिकाऊ माणसाला दुर्बीण द्यायची तर त्या यादीतली नावं कमी करावी लागतात, कारण तिला वेळ लागतो. रांगेचा दट्ट्या आला की पहिली रद्द होते ती शिकवण्याची यादी. आजचे दोन रुग्ण बघण्यासाठी उद्याचा हात तयार करणं आपण पुढे ढकलतो. तारखा देणाऱ्या टेबलाशी बसून मी हे स्वतः केलं आहे, वरून सांगितलं म्हणून.

इंग्लंडही आता ८० च्या दिशेने निघालं आहे. मला ते हवं आहे. पण ते करताना प्रत्येक भागाने आधी तीन गोष्टी दाखवून द्याव्यात असं मला वाटतं. ‘साध्या’ रांगेतल्या माणसाला सहा आठवड्यांत तारीख मिळते आहे का. वर्षभरात शिकवण्याच्या किती याद्या झाल्या आणि किती रद्द झाल्या. आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट किती दिवसांत येतो. हे आकडे जीपीच्या दारावर लागावेत, कुठल्याशा संकेतस्थळाच्या पोटात नकोत. सोबत दरवर्षी हेही छापावं की १२० ऐवजी ८० असते तर अंदाजे किती जास्त लोक बोलावले गेले असते. लोक घाबरतील, असा आक्षेप मी ऐकला आहे. ११९ आलेल्या माणसाला त्याचा आकडा आणि त्या रेघेमागचं कारण कळायला हवं. शौचातून रक्त दिसलं तर ‘पत्र तर आलंय ना’ म्हणून घरी बसायचं नाही, हे त्याला त्यातूनच कळेल.

एक गोष्ट मात्र मला आपल्या लोकांमध्ये वावरताना टोचते. जुन्या चाचणीत तीन वेगवेगळ्या दिवसांचा मळ पुठ्ठ्यावर लावावा लागे, फिटमध्ये एकदाच. प्रयोगादाखल फिट दिली तेव्हा परत येणारी पाकिटं शंभरात एकोणसाठावरून सहासष्टावर गेली. तरी जवळजवळ तिसरा हिस्सा पाकिटं येत नाहीतच, आणि दक्षिण आशियाई घरांमधून तर त्याहून कमी येतात. आमच्या ओळखीतले एक काका आहेत, सोलापूरकडचे, सदुसष्ट वर्षांचे. काकूंचा फोन आला: “अगं, ते पाकीट तीन महिने बुटांच्या कपाटावर पडलंय. ह्यांना तू सांग, माझं ऐकत नाहीत.” काका म्हणाले, “मला काही होत नाही गं. कशाला उगाच?” मी म्हटलं, “काका, काही होत नाही तेव्हाच करायची असते ही.” मग खरं कारण बाहेर आलं. मळ पाकिटात घालून पोस्टमनच्या हातात द्यायचा, हे त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. शेवटी काकूंनी पाकीट पिशवीत गुंडाळून स्वतः टपालपेटीत टाकलं.

अशी सगळी पाकिटं एकदम परत आली तर? आमचा विभाग आठवडाभरात कोलमडेल, हे मी अनुभवावरून सांगते. हे सगळं वेळापत्रक काकांच्या लाजेवर तग धरून आहे. ज्या देशात बोलावणं सर्वांना जातं, तिथे सर्व येतील असं धरूनच जागा मांडायला हवी. आपल्याकडे पंगतीला शंभर पानांची आमंत्रणं देऊन साठच वाढून ठेवत नाहीत.

भारतात सरकारी स्क्रीनिंग तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी आहे, आतड्यासाठी नाही. तिथलं आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण बघता सध्या ते मला बरोबर वाटतं. पण गावी गेले की शिबिरांचे फलक दिसतात आणि माझा पहिला प्रश्न एकच असतो: संशय आला तर बायोप्सी कुठे, किती दिवसांत, आणि तिथवर जायचं भाडं कोण देणार? माझी बहीण आशा कार्यकर्ती आहे. ती म्हणते, “ताई, शिबिराची यादी असते आमच्याकडे, शिबिरानंतरची नसते.”

गेल्या महिन्यात आमच्याकडे शिकवण्याची एक यादी रद्द करायची वेळ आली होती. फोन माझ्यापर्यंत आला आणि या वेळी मी नाही म्हटलं. वरिष्ठ डॉक्टरांनी माझी बाजू घेतली. त्या यादीत दोनच नावं होती. दुर्बीण हातात होती केरळहून आलेल्या एका नर्सच्या, तिचं शिकण्याचं पहिलंच वर्ष. पहिल्या वळणावर ती अडकली, मागे आली, रुग्णाची कूस बदलली, पुन्हा गेली. डॉक्टर तिच्या खांद्यामागे हात मागे बांधून उभे होते. दोनदा त्यांचा हात पुढे आला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. पडद्यावर आतड्याचं टोक दिसलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “फार वेळ घेतला ना, सिस्टर?” मी दुसऱ्या रुग्णाची फाईल उघडत होते. म्हटलं, “आज दोनच आहेत. सावकाश ये बाहेर.”